माळ्यावरून खाटेपर्यंत

रात्री साडेदहाला वरच्या कोपऱ्यातला आकडा
हिरव्याचा पिवळा होतो, मग लाल.
एकशे ऐंशी.
जतहून इरय्या ओरडतो, "अगं, हाल की तिथनं!"
मी हललेली असते.
माझ्या स्क्रीनवर मी कधीचीच भिंतीआड,
त्यांच्या स्क्रीनवर अजून उघड्यावर उभी,
आणि मी मेले हे मला
सगळ्यांत शेवटी कळतं.

राऊटर बंद करून चालू केला.
दहापर्यंत मोजून. मग तीसपर्यंत मोजून.
कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्याकडून सगळं ओके आहे मॅडम.
चॅनेल बदलला, कारण सहा नंबरवर
आख्खा गावभाग दाटीवाटीनं बसलेला:
पाटणकर वरचा मजला, साईकृपा,
मागच्या गल्लीतलं ते 'फुकट मिळणार नाही'.
आईचा फोन तपासला. तो रोज याच वेळेला
भाचीच्या बारशाचे चारशे फोटो
आभाळात चढवत होता.
तो थांबवला. एकशे बासष्ट.
मिरजेहून शिफा म्हणाली, आधी घरच्या राऊटरलाच पिंग करून बघ,
बाहेर कशाला जातेस.

बघितलं.
राऊटरपासून पार मुंबईच्या सर्व्हरपर्यंत: बावीस.
माळ्यावरून माझ्या खाटेपर्यंत: एकशे चाळीस.

राऊटर माळ्यावर आहे.
पत्र्याच्या ट्रंकेमागे, पितळी पातेल्यांच्या पोटाशी,
रेशनकार्ड, माझं दहावीचं सर्टिफिकेट
आणि एलआयसीच्या कागदांशेजारी.
एकोणीसच्या ऑगस्टनंतर
घरात जे जे वाचवायचं ते वर गेलं,
आणि वायफाय घेतलं तेव्हा अण्णांनी
न बोलता त्या पोराला शिडी दिली.
खाली भिंतीवर, स्विचबोर्डच्या वर दोन बोटं,
अजून ती रेघ आहे. दोनदा रंग दिला.
रंगातून परत येते.

"खाली घेऊया का अण्णा? टेबलावर?"
"किती येतंय?"
अण्णा मार्केट यार्डात हळद तोलतात,
आकडा विचारल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नाही.
"एकशे साठच्या वर."
"आन् पाहिजे किती?"
"तीस. वीस आला तर सोनंच."
"म्हंजे कमी आलं की चांगलं?"
"हो."
"असला कुठला काटा गं," ते हसले,
"माझ्याकडं कमी भरलं की माणूस गळा धरतो."
मग शर्टाची घडी घालता घालता थांबले.
खिडकीकडं बघितलं, घाटाच्या बाजूला.
"व्हय. आयर्विनचा."

पुढं कुणी काही बोललं नाही.
राऊटर खाली येणार नव्हता, एवढं कळलं.

रविवारी ते गणपती पेठेतनं पंधरा मीटर केबल घेऊन आले,
वर दोन मीटर भांडून घेतलेली,
आणि क्लिपांचा एक पुडा.
ओठांत क्लिपा धरून
माळ्यापासून खाली ठोकत आले.
रेघेपाशी हातोडी जरा थांबली.
तिथली क्लिप वाकडी बसलीय.
तिच्याखाली केबल सरळ टेबलापर्यंत,
आणि टोक बसवताना एक बारका टक्क.

चोवीस.
इरय्याला वाटलं, मी घर बदललं.

परवा, झडीच्या सहाव्या रात्री,
दोन वाजता अण्णा उठले.
हातात फोन, चष्मा कपाळावर.
माझ्या दारात उभे राहिले.
"किती?"
"सव्वीस. तिकडं?"
"एकतीस फूट. चढ आहे, पण सावकाश."
मी हेडफोन एका कानावरून सरकवला.
त्यांनी स्टूल ओढून घेतलं.
"खेळ तू," म्हणाले,
"आकडा मी बघतो."